मुंबई आंदण मिळालेला राजा जिथे उतरला ते गाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की मराठी पुरवण्यांमधून स्कॉटलंडची वर्णने सुरू होतात. एडिंबरोचा किल्ला, नेस सरोवर, स्काय बेट आणि ‘स्पेसाइड’च्या व्हिस्कीच्या भट्ट्या. स्पे नदीचे नाव निदान त्या निमित्ताने तरी छापले जाते. पण ही नदी जिथे समुद्राला मिळते तिथल्या गार्मथ, किंग्स्टन आणि टगनेट या वस्त्यांबद्दल एक ओळही वाचायला मिळत नाही. तिथे किल्ला नाही, राजवाडा नाही. जे आहे ते मातीच्या भिंतींत, गोट्यांच्या बांधांत आणि गवताने झाकलेल्या बर्फघरात आहे, आणि ते कसे चालत होते हे कळल्याशिवाय दिसत नाही. म्हणून हे पत्र जरा लांबले आहे.

आधी भूगोल, कारण बाकी सगळे त्यावरच उभे आहे. बहुतेक नद्या मुखाजवळ येता येता संथ होतात आणि तिथे बारीक गाळ टाकतात. आपल्याकडच्या वाशिष्ठी किंवा सावित्रीच्या खाड्या डोळ्यांसमोर आणा. स्पे तशी नाही. खालच्या टप्प्यात तिचा उतार कमी न होता वाढतो, त्यामुळे ती नारळाएवढे गोटेसुद्धा थेट समुद्रापर्यंत ढकलत नेते. समुद्र ते गोटे स्वीकारतो आणि ईशान्येकडून येणाऱ्या लाटा त्यांना किनाऱ्याच्या कडेकडेने पश्चिमेला सरकवत राहतात. पूर्वेच्या टगनेटकडून गोट्यांचा एक लांब दांडा पश्चिमेला वाढत जातो, नदीचे तोंड त्याच्यापुढे रेटले जाते आणि शेवटी प्रवाह किंग्स्टनच्या घरांच्या अंगाला घासू लागतो. मग एखादा मोठा पूर येतो, दांडा मधेच फोडतो आणि नदी पुन्हा सरळ समुद्रात शिरते. पूर वेळेवर आला नाही तर माणसांनी खोदून तोंड मोकळे करायचे. हे तिथे अनेकदा करावे लागले आहे, विसाव्या शतकातही. स्कॉटलंडमधला गोट्यांच्या किनाऱ्याचा सर्वांत मोठा विस्तार इथला आहे. किनाऱ्याला समांतर दिसणाऱ्या गोट्यांच्या वरंब्यांतली प्रत्येक ओळ म्हणजे समुद्राची एकेकाळची कड.

या अस्थिर जागी नदीच्या डाव्या तीरावर, मुखापासून थोडे आत, गार्मथ वसले. १५८७ मध्ये त्याला बाजारपेठेच्या गावाचा दर्जा मिळाला आणि जत्रेचा हक्कही. ती ‘मॅगी फेअर’ जूनच्या अखेरीस भरते. नावातली मॅगी म्हणजे तिथल्या जमीनदाराची पत्नी लेडी मार्गारेट, जिने १६५०च्या जूनमध्ये एका तरुण राजाचे स्वागत केले होते.

तो राजा दुसरा चार्ल्स. बापाचा शिरच्छेद झालेला, इंग्लंडमध्ये क्रॉमवेलचा अंमल, आणि हा हॉलंडहून जहाजाने स्पेच्या मुखाशी आलेला. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या पुढाऱ्यांनी त्याला सांगितले, आधी आमच्या धर्मविषयक करारनाम्यांना मान्यता द्या, मगच जमिनीवर उतरा. २३ जूनला त्याने सही केली. ती गावातल्या एका घरात झाली असे गावची परंपरा सांगते, पण उतरण्याआधीची अट लक्षात घेतली तर जहाजावरच झाली असणार. उथळ पाण्यातून मिल्न आडनावाच्या एका माणसाने राजाला पाठीवर घेऊन किनाऱ्याला आणले आणि त्याच्या वंशजांना पुढे ‘किंग मिल्न’ म्हणू लागले, हीसुद्धा गावाने जपलेली आठवण. १ जानेवारी १६५१ला स्कोन येथे चार्ल्सचा राज्याभिषेक झाला, पण त्याच वर्षी पराभव होऊन त्याला परत परदेशी पळावे लागले. इंग्लंडचे राज्य त्याला मिळाले ते १६६०मध्ये.

मराठी वाचकाला इथे एक धागा सापडतो. १६६१च्या विवाहकरारात पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबईचे बेट आंदण मिळाले ते याच चार्ल्सला, आणि १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने ते ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले तेही यानेच. मुंबईच्या इतिहासात हा राजा एका वाक्यापुरता येतो. पाठीवर बसून किनाऱ्याला लागलेला वीस वर्षांचा चार्ल्स त्या वाक्यामागे आहे, हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

कंपनीचे नाव या मुखाशी पुन्हा येते ते सव्वाशे वर्षांनी, लाकडामुळे. स्पेच्या वरच्या खोऱ्यात, केर्नगॉर्म डोंगरांच्या पायथ्याशी, पाइन वृक्षांची जुनी अरण्ये होती. लाकूड भरपूर, पण रस्ता नाही. म्हणून ओंडके नदीत सोडायचे. सुरुवातीला हे काम ‘करख’ नावाच्या होडीतून चाले. वेताच्या टोपलीसारखा सांगाडा, त्यावर बैलाचे कातडे ताणलेले, आत एक माणूस आणि हातात एक वल्हे. दोरीने बांधलेले थोडे ओंडके मागे ओढत तो मुखापर्यंत उतरे आणि परत जाताना होडी पाठीवर टाकून चालत जाई. असली एक करख एल्गिनच्या संग्रहालयात आहे. १७२८च्या सुमारास यॉर्क बिल्डिंग्ज कंपनीने ॲबरनेथीच्या जंगलाचे लाकूड विकत घेतले आणि मोठ्या तराफ्यांची पद्धत आणली. ओंडक्यांच्या टोकांना भोके पाडायची, त्यांतून दोर ओवून ते एकमेकांना बांधायचे, पुढे एक आणि मागे एक माणूस बैठकीवर वल्हे घेऊन बसायचा. वल्ही पुढे जाण्यासाठी नव्हती, पुढे नदीच नेई. ती फक्त तराफा धारेत सरळ ठेवण्यासाठी. तराफा आडवा झाला की वळणावर गोट्यांच्या भाटीवर चढणार आणि मागून येणारे लाकूड त्याच्यावर रचले जाणार.

मोठ्या नदीपर्यंत ओंडके आणणे हे त्याहून अवघड. डोंगरातल्या ओढ्यांना एरवी घोट्याएवढे पाणी. त्यासाठी सरोवराच्या तोंडाशी बांध घालून त्याला दरवाजा बसवत. पाणी साठू द्यायचे, तोवर ओंडके खालच्या पात्रात आणून ठेवायचे आणि मग दरवाजा एकदम उघडायचा. त्या कृत्रिम लोंढ्याबरोबर सगळा माल स्पेमध्ये जाऊन पडे. काठावर लांब आकड्यांच्या काठ्या घेऊन माणसे उभी असत, कारण एक ओंडका दगडात अडकला की मागे गुंता व्हायला वेळ लागत नसे.

१७८० नंतर इंग्लंडमधल्या हल बंदरातले दोन व्यापारी, विल्यम ऑसबोर्न आणि राल्फ डॉड्सवर्थ, यांनी ड्यूक ऑफ गॉर्डनकडून ग्लेनमोरचे अख्खे अरण्य विकत घेतले. १७८४ मध्ये गार्मथच्या खाली, अगदी मुखाशी, त्यांनी जहाजबांधणीची गोदी आणि वस्ती उभी केली. आपल्या गावावरून, म्हणजे किंग्स्टन अपॉन हलवरून, तिला किंग्स्टन नाव दिले. काम संपल्यावर ऑसबोर्नने ग्लेनमोरच्या पाइनची एक रुंद फळी कोरून ड्यूकला भेट पाठवली. तिच्यावर सप्टेंबर १८०६ची तारीख आणि सगळा हिशेब आहे: बावीस वर्षांत पूर्ण जंगल तोडले, जिथे पूर्वी कधी जहाज बांधले गेले नव्हते तिथे ४७ जहाजे बांधली, त्यांचा एकूण भार १९ हजार टनांवर, नुसत्या मजुरीचा खर्च ७० हजार पौंडांवर. सर्वांत मोठे जहाज १०५० टनांचे. ते आणि जवळपास त्याच आकाराची आणखी तीन जहाजे राजाच्या आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत आहेत, असे फळी सांगते.

फळीवरचा अभिमान खरा आहे, पण त्या हिशेबात एक बाजू नाही. बावीस वर्षांत एक अरण्य संपले. त्याच काळात मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबातले मिस्त्री सागवानात जहाजे बांधत होते आणि १८१० मध्ये तिथून ‘मिंडेन’ ही युद्धनौका पाण्यात उतरली. सागात स्वतःचे तेल असते, त्याला कीड आणि कुज उशिरा लागते, म्हणून मुंबईची जहाजे दीर्घायुषी ठरत. पाइन हलके, सरळ, लवकर कापले जाणारे. डोलकाठ्या आणि फळ्यांना उत्तम, पण सांगाड्यात वापरले तर लवकर कुजते. युद्धाच्या धांदलीत झटपट बांधणी हवी असे, म्हणून पाइन चाले. स्कॉटलंडच्या या किनाऱ्याचा वारसा सांगताना ऑसबोर्नच्या जहाजांची संख्या सगळे सांगतात, लाकडाचा हा स्वभाव मात्र कोणी सांगत नाही. तो सांगितला तरच कळते की इतके लाकूड इतक्या लवकर का गेले.

ऑसबोर्न गेल्यावर स्थानिक कुटुंबांनी गोद्या पुढे चालवल्या आणि एकोणिसाव्या शतकात किंग्स्टनमध्ये शेकडो लहानमोठी शिडाची जहाजे बांधली गेली. लोखंडी जहाजे आली, रेल्वे आली आणि शतक संपेपर्यंत हा धंदा आटोपला. आज तिथे गोदीची भिंत शोधायला जाणाऱ्याची निराशा होते. जहाज गोट्यांच्या किनाऱ्यावरच रचायचे आणि तिथूनच उतरवायचे अशी पद्धत होती. गोटे तर सतत सरकतात. खुणा राहणार कुठून?

भिंती मात्र राहिल्या, आणि माझ्या मते गार्मथचा खरा ठेवा तोच आहे. गावातली बरीच जुनी घरे मातीची आहेत. वरच्या चुन्याच्या रंगामुळे ती दगडी वाटतात. या बांधणीला तिकडे ‘क्ले अँड बूल’ म्हणतात. बूल म्हणजे नदीतला गोल गोटा. चिकणमातीत पाणी आणि कापलेला पेंढा घालून ती पायांनी तुडवायची, दोन बाजूंना फळ्यांचा साचा उभा करायचा, माती आणि गोट्यांचे थर आलटून पालटून भरायचे, थर आळला की साचा वर सरकवायचा. स्पेच्या पूर्वेकडच्या ऑखनहॅलरिग गावाच्या नावाने ओळखली जाणारी दुसरी पद्धत साच्याशिवायची: पेंढा मिसळलेल्या मातीत लहान दगड ओळीने बसवत जायचे. त्यात दगडांचे प्रमाण मातीच्या जवळजवळ तिप्पट असते. कारण साधे आहे. माती सुकताना आकसते आणि तडकते. दगड आकसत नाही. जितके दगड जास्त तितकी तड कमी. पेंढ्याचे काम वेगळे, तो तड पसरू देत नाही आणि आतली ओल बाहेर यायला वाट देतो. कोकणात आणि देशावर मातीची घरे बांधणाऱ्यांना यात नवे वाटण्यासारखे काही नाही. गोल गोटा मात्र खास तिथला. तो गुळगुळीत असल्यामुळे कोरड्या रचाईत घसरतो. चिखलाने त्याला धरले तरच भिंत उभी राहते.

या भिंती दोनशे वर्षे टिकतात त्या तीन गोष्टींवर. खाली दगडी जोते हवे, म्हणजे जमिनीची ओल वर चढत नाही. वर पुरेशी वळचण हवी, म्हणजे पाणी भिंतीच्या माथ्यात शिरत नाही. आणि बाहेरून चुन्याचा गिलावा हवा, ज्यातून वाफ आरपार जाते. विसाव्या शतकात बऱ्याच ठिकाणी काळजी म्हणून सिमेंटचा गिलावा मारला गेला, आणि घात झाला तो तिथे. सिमेंट कडक असते, मातीबरोबर हलत नाही, त्याला केसाएवढी तड जाते. तडीतून पाऊस आत शिरतो आणि बाहेर यायला वाट नसते. बाहेरून भिंत ठणठणीत दिसते, आत माती पुन्हा चिखल होऊन खाली बसते आणि एक दिवस सिमेंटचा पापुद्रा फुगून सगळा भाग ढासळतो. भिंतीला टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला, किंवा जोत्याच्या वर हातभर उंचीवर पोट सुटल्यासारखे दिसले, तर समजावे की आत हे सुरू आहे. उपाय घाईचा नाही. सिमेंट लहान लहान तुकड्यांत काढायचे (मोठे पत्रे ओढले तर माती सोबत येते), भिंत सावकाश वाळू द्यायची, गेलेला भाग त्याच जातीच्या मातीने भरायचा आणि मग चुना. ओल्या भिंतीवर चुना मारला आणि वर थंडी पडली तर हिम धरून तो पहिल्या हिवाळ्यातच गळतो. म्हणून तिकडे हे काम उन्हाळ्याच्या सुरुवातीला उरकतात.

३ आणि ४ ऑगस्ट १८२९ला या प्रदेशात न भूतो असा पाऊस झाला. त्या पुराला तिकडे ‘मकल स्पेट’, म्हणजे महापूर, म्हणतात. मुखाच्या थोडे वर फॉकबर्स गावाजवळचा स्पेवरचा दगडी पूल बांधून पंचवीस वर्षे झाली होती, त्याच्या दोन कमानी गेल्या. वरच्या अंगाला क्रेगेलाखी येथे थॉमस टेलफर्डने १८१४ मध्ये पुरा केलेला लोखंडी पूल टिकला, कारण त्याने १५० फुटांची एकच कमान टाकून नदीत एकही खांब ठेवला नव्हता आणि कमान पुराच्या रेषेच्या बरीच वर घेतली होती. मुखाशी गार्मथ आणि किंग्स्टनमध्ये पाणी शिरले, घरे गेली, किनाऱ्याची आखणी बदलली.

पुराच्या दुसऱ्याच वर्षी, १८३० मध्ये, पूर्वेच्या तीरावर टगनेटचे बर्फघर बांधले गेले. स्कॉटलंडमधल्या या प्रकारच्या वास्तूंत हे सर्वांत मोठे मानतात. टगनेटला सॅमन माशाच्या मासेमारीचे मोठे केंद्र होते. (आपल्या बाजारात रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात. दोन्ही माशांचा एकमेकांशी काही संबंध नाही, एवढे इथे सांगून ठेवतो.) मासेमारीची पद्धत आपल्या रापणीसारखी: जाळ्याचा एक दोर काठावर धरायचा, सपाट बुडाची होडी अर्धगोल घेत जाळे सोडत जायची, परत काठाला लागायची आणि दोन्ही टोके ओढून आणायची. आठवड्याच्या अखेरीस जाळी बंद ठेवण्याचा कायदा होता, म्हणजे त्या काळात मासा अंडी घालायला वर जाऊ शके.

पकडलेला सॅमन लंडनला पोहोचवायचा कसा, हा प्रश्न. आधी तो उकडून, व्हिनेगरमध्ये घालून, लाकडी पिंपांतून पाठवत. ताजा मासा बर्फात पाठवण्याची कल्पना १७८६च्या सुमारास आली, आणि तिचा उगम पाहा. ईस्ट इंडिया कंपनीचे सागरी नकाशाकार अलेक्झांडर डॅलरिंपल यांनी चीनच्या किनाऱ्यावर कोळी होड्यांतून बर्फ नेतात ही गोष्ट जॉर्ज डेम्प्स्टर या स्कॉटिश खासदाराला सांगितली. डेम्प्स्टर स्वतः कंपनीचे एकेकाळचे संचालक. त्यांनी ते पर्थच्या मासळी व्यापाऱ्याला कळवले आणि बघता बघता स्कॉटलंडच्या प्रत्येक सॅमन नदीच्या मुखाशी बर्फघर उभे राहिले. चिनी कोळ्यांची युक्ती अशी कंपनीच्या कार्यालयातून फिरून स्पेच्या काठाला लागली.

टगनेटचे बर्फघर म्हणजे शेजारी शेजारी तीन लांब घुमटाकार छपरे, अर्धी जमिनीत, वर मातीचा थर आणि गवत. हिवाळ्यात तळ्यांवरचा आणि नदीतला बर्फ फोडून आणायचा, वरच्या झरोक्यातून आत टाकायचा आणि कुटायचा. कुटणे महत्त्वाचे, कारण तुकड्यांमधली हवा बर्फ वितळवते. घट्ट कुटलेला बर्फ एकसंध ढेकूळ होतो आणि उन्हाळ्याच्या अखेरपर्यंत पुरतो. वर पेंढ्याची दुलई. तळाला उतार आणि मोरी हवीच, कारण वितळलेले पाणी बर्फाला टेकून उभे राहिले तर उरलेला साठा झपाट्याने जातो. अशा वास्तू आज बिघडतात त्या छपरावरच्या गवताकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. गवत मेले की माती धुपते, माती गेली की पावसाचे पाणी कमानीच्या चुन्यात उतरते. झुडपे वाढू दिली तर मुळे सांधे उघडतात. गवत कापत राहणे, एवढीच देखभाल, पण दरवर्षी. टगनेटची जाळी १९९०च्या सुमारास बंद झाली. त्या आवारात आता डॉल्फिन आणि देवमाशांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थेचे केंद्र आहे आणि बर्फघर त्याच्या शेजारीच आहे.

गार्मथजवळचा रेल्वेपूल १८८६चा. रुंद पात्रात धार कुठून वाहील याचा भरवसा नाही, म्हणून अभियंत्यांनी मधोमध ३५० फुटांचा एकच धनुष्याकृती लोखंडी गाळा टाकला आणि दोन्ही बाजूंना शंभर शंभर फुटांचे तीन तीन गाळे. १९६८ मध्ये रेल्वे बंद झाली आणि पुढे त्यावरून पायवाट गेली. नदीने मात्र मधल्या गाळ्याचा मान कायम ठेवला नाही, ती बाजूच्या खांबांकडे सरकत राहिली. तळाचे गोटे वाहून गेले की खांबाखालचा आधार जातो, आणि हे पाण्याच्या वरून दिसत नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडे. एल्गिनपर्यंत रेल्वे आहे, पुढे रस्त्याने. गार्मथ आणि किंग्स्टन पश्चिम तीरावर, टगनेट पूर्वेला. नकाशात ती हाकेच्या अंतरावर दिसतात, पण मुखाशी रस्त्याचा पूल नाही. जुन्या रेल्वेपुलावरून चालत जाण्याचा बेत असेल तर तो खुला आहे का याची आधी खात्री करावी, नाहीतर फॉकबर्सला वळसा घालावा लागतो. गोट्यांवरून चालताना जाड तळाचे बूट हवेत. एप्रिल ते जुलै उघड्या गोट्यांवर कुररी आणि टिटवीच्या कुळातले पक्षी अंडी घालतात. ती गोट्यांसारखीच दिसतात, तेव्हा रुळलेली वाट सोडू नये.

संपादक महाशय, आपल्या पर्यटन पुरवणीत पुढच्या वेळी स्पेसाइडचा नकाशा छापाल तेव्हा तो भट्ट्यांपाशी न थांबवता मुखापर्यंत न्यावा आणि गार्मथ, किंग्स्टन, टगनेट ही तीन नावे त्यावर घालावीत, एवढी विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वाचक
(नाव छापू नये ही विनंती)